व्यसनमुक्ती कार्यासाठीचे अर्थसाहाय्य (भारत)

व्यसनमुक्ती कार्यासाठीचे अर्थसाहाय्य म्हणजे दारू, तंबाखू, अफू, गांजा, गर्द इत्यादी मादक पदार्थांच्या सेवनास प्रतिबंध करणे, व्यसनी व्यक्तींवर उपचार करणे आणि त्यांचे पुनर्वसन करणे यांसाठी शासन, धर्मादाय न्यास, उद्योगसमूह व व्यक्ती यांच्याकडून संस्थांना मिळणारा निधी होय. भारतात या क्षेत्रातील निवासी उपचारांचा व जनजागृतीचा मोठा भाग स्वयंसेवी संस्था चालवतात. रुग्णांकडून मिळणाऱ्या शुल्कावर अशा संस्थांचा खर्च भागणे अवघड असते, कारण उपचारास येईपर्यंत बहुतेक रुग्णांची नोकरी, बचत व पत संपलेली असते. त्यामुळे अनुदान व देणग्या हा या कार्याचा मुख्य आधार ठरतो. केंद्र शासनाने १९८५-८६ पासून स्वयंसेवी संस्थांना यासाठी अनुदान देण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, मुंबईचे कृपा फाउंडेशन आणि गडचिरोली जिल्ह्यातील मुक्तिपथ हे देणगी, अनुदान व लोकसहभाग यांतून उभ्या राहिलेल्या कार्याचे ठळक नमुने आहेत.

पार्श्वभूमी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये, औषधी प्रयोजन वगळता, आरोग्यास घातक अशा मादक पेयांच्या व पदार्थांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावेत, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मद्याचे उत्पादन, विक्री व त्यावरील उत्पादन शुल्क हे विषय राज्यांच्या अखत्यारीत येतात. या शुल्कातून राज्यांना मोठा महसूल मिळतो. एकीकडे मद्यविक्रीतून उत्पन्न मिळवणारे आणि दुसरीकडे व्यसनमुक्तीसाठी अनुदान देणारे शासन एकच असल्याने या विषयाच्या सार्वजनिक चर्चेत हा अंतर्विरोध वारंवार मांडला जातो.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १४.६ टक्के, म्हणजे जवळपास १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे उद्‌भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आहे. याच अहवालाप्रमाणे मद्यावलंबी व्यक्तींपैकी ३८ जणांमागे केवळ एकाने कोणत्याही प्रकारचा उपचार घेतल्याचे सांगितले. रुग्णालयात वा केंद्रात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८० जणांमागे एक इतके अल्प होते. गरज आणि उपलब्ध उपचार यांमधील या दरीमुळेच निधीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

स्वातंत्र्यपूर्व काळात व्यसनाविरुद्धचे काम प्रामुख्याने मद्यपाननिषेध मंडळ्या, समाजसुधारक व राष्ट्रीय चळवळीतील कार्यकर्ते यांच्याकडे होते. त्या कामाचा रोख प्रबोधन व दारूबंदी यांवर होता. व्यसन हा आजार असून त्यावर उपचार करता येतात, ही धारणा भारतात संस्थात्मक रूपात विशेषतः १९८० नंतर रुजली.

चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथे शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनची स्थापना केली. त्यांच्या पतीचा मद्यासक्तीमुळे अकाली मृत्यू झाला होता. टीटीके उद्योगसमूहाशी संबंधित कुटुंबाच्या आर्थिक पाठबळावर सुरू झालेल्या या संस्थेने रुग्णालयासोबत ग्रामीण भागात उपचार शिबिरे घेण्याची पद्धत विकसित केली. गावातच उपचार झाल्याने रुग्णाचा प्रवासाचा खर्च व बुडणारा रोजगार कमी होतो आणि गावाचाही उपचारात सहभाग राहतो. शांती रंगनाथन यांना १९९२ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. चर्चच्या जागेत सुरू झालेले हे काम पुढे अनेक राज्यांत पसरले.

१९८० च्या दशकात महानगरांमध्ये ब्राउन शुगर, म्हणजेच 'गर्द', या हेरॉइनच्या अशुद्ध प्रकाराचा वेगाने प्रसार झाला. १९८५ मध्ये संसदेने अमली पदार्थ आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम (एनडीपीएस) संमत केला. याच सुमारास केंद्र शासनाच्या कल्याण मंत्रालयाने स्वयंसेवी संस्थांना समुपदेशन व उपचार केंद्रांसाठी अनुदान देणारी योजना सुरू केली.

शासकीय अनुदान

केंद्रीय योजना

१९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या योजनेत वेळोवेळी बदल होत जाऊन तिचे नाव 'मद्यासक्ती व मादक पदार्थांच्या गैरवापरास प्रतिबंध योजना' असे झाले. या योजनेखाली पात्र संस्थेस मान्य खर्चाच्या कमाल ९० टक्के रक्कम मिळत असे. ईशान्येकडील राज्ये, सिक्कीम व जम्मू-काश्मीर यांसाठी ही मर्यादा ९५ टक्के होती. उर्वरित वाटा संस्थेने देणग्या वा अन्य मार्गांनी उभारणे अपेक्षित असे. अशा रीतीने शासकीय अनुदान आणि समाजाकडून येणारी देणगी हे या योजनेच्या रचनेतच परस्परांना जोडलेले होते.

२०१८ मध्ये मादक पदार्थांच्या मागणीत घट करण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा तयार करण्यात आला. सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयामार्फत राबवल्या जाणाऱ्या या आराखड्यातून पुढील प्रकारच्या केंद्रांना साहाय्य दिले जाते :

- व्यसनींसाठी एकात्मिक पुनर्वसन केंद्र : डिटॉक्स, निवासी उपचार, समुपदेशन व पाठपुरावा या सेवा देणारे केंद्र.
- संपर्क व भेट केंद्र : वस्तीत जाऊन व्यसनींशी संपर्क साधणारे आणि त्यांना तपासणी, समुपदेशन व पुढील उपचारांकडे नेणारे केंद्र.
- समवयस्कांच्या नेतृत्वाखालील समुदायकेंद्री उपक्रम : मुले व किशोरवयीन यांच्यासाठी त्यांच्याच वयोगटातील प्रशिक्षित स्वयंसेवकांमार्फत चालणारे प्रतिबंधाचे काम.
- जिल्हा व्यसनमुक्ती केंद्र : वरील तिन्ही सेवा एकाच ठिकाणी देणारे केंद्र.

१५ ऑगस्ट २०२० रोजी 'नशामुक्त भारत अभियान' सुरू झाले. पहिल्या टप्प्यात त्यासाठी २७२ जिल्हे निवडण्यात आले होते. मदत व मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध आहे. आरोग्य मंत्रालयाचा व्यसनमुक्ती कार्यक्रम याहून वेगळा असून त्यातून शासकीय रुग्णालयांतील उपचार सुविधांना साहाय्य मिळते.

अमली पदार्थ नियंत्रणासाठी राष्ट्रीय निधी

एनडीपीएस अधिनियमात १९८९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ७-अ नुसार अमली पदार्थांच्या गैरवापराच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय निधी स्थापन करण्याची तरतूद आहे. या निधीत केंद्र शासनाने दिलेली रक्कम, तस्करांच्या सरकारजमा झालेल्या मालमत्तेच्या विक्रीतून आलेले उत्पन्न, गुंतवणुकीवरील उत्पन्न आणि कोणत्याही व्यक्तीने वा संस्थेने दिलेले अनुदान जमा होऊ शकते. व्यसनींची ओळख, उपचार व पुनर्वसन हे या निधीच्या प्रयोजनांत मोडतात.

राज्य शासन

महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये राज्याचे व्यसनमुक्ती धोरण स्वीकारले. व्यसनमुक्तीचा प्रचार व संस्थांना साहाय्य हा विषय सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाकडे आहे, तर मद्यावरील शुल्क वसूल करण्याचे काम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहे. राज्यात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली.

खासगी देणग्या व उद्योगांचे साहाय्य

व्यसनमुक्तीसाठी देणग्या स्वीकारणारी संस्था सामान्यतः सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा कंपनी अधिनियमाच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी या स्वरूपात असते. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि न्यासाला दरवर्षी हिशेबतपासणी करून घ्यावी लागते.

आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ८०-जी खाली मान्यता असलेल्या संस्थेस दिलेल्या देणगीवर देणगीदारास सर्वसाधारणपणे ५० टक्के रकमेपर्यंत वजावट मिळण्याची तरतूद करण्यात आली. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीस ही सवलत लागू नाही.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी (सीएसआर) खर्च करणे अपेक्षित आहे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेचा समावेश असल्याने व्यसनप्रतिबंध व उपचार यांचे प्रकल्प या निधीस पात्र ठरू शकतात.

परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीने अशा निधीतून प्रशासकीय बाबींवर करावयाच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली. मोठ्या शहरातील संस्थेमार्फत लहान गावांतील केंद्रांना मिळणारा निधी त्यामुळे बंद झाला.

महाराष्ट्र व गोव्यातील उदाहरणे

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, पुणे

लेखक डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाविषयी केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. डॉ. अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या येरवडा मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. आरंभी केंद्र मनोरुग्णालयाच्या आवारात होते. जागा शासनाची, प्रारंभीचा निधी देणगीदाराचा आणि उपचारांची दृष्टी डॉक्टरांची अशी ही उभारणी होती.

केंद्रातील निवासी उपचारांचा कालावधी ३५ दिवसांचा आहे. स्वच्छतेसह दैनंदिन कामे रुग्ण स्वतः करतात. उपचार घेऊन व्यसनमुक्त झालेल्या अनेकांना केंद्रातच कार्यकर्ते म्हणून सामावून घेण्यात आले. यामुळे खर्च मर्यादित राहिला आणि नव्या रुग्णासमोर बरे झालेल्या माणसाचे प्रत्यक्ष उदाहरण उभे राहिले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा आधारगट चालवला जातो. व्यसनी स्त्रियांवरील उपचारांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. केंद्र शासनाच्या योजनेखाली मुक्तांगणकडे अन्य संस्थांतील कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही आली. डॉ. अनिता अवचट यांचे १९९७ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी केंद्राची धुरा सांभाळली.

मुक्तिपथ, गडचिरोली

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने महाराष्ट्र शासन व टाटा ट्रस्ट्स यांच्यासह २०१६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात मुक्तिपथ हे दारू व तंबाखू नियंत्रण अभियान सुरू केले. जनजागृती, गावाचा सामूहिक निर्णय, कायद्याची अंमलबजावणी व व्यसनींवर उपचार असे त्याचे चार घटक आहेत. एका केंद्रातील खाटांऐवजी संपूर्ण जिल्हा हे कार्याचे एकक मानून अर्थसाहाय्य दिल्याचे हे उदाहरण आहे. कायद्याने दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातही अवैध दारूमुळे उपचारांची व गावसंघटनेची गरज उरते, ही त्यामागील भूमिका आहे.

सलाम बॉम्बे फाउंडेशन, मुंबई

२००२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था वंचित वस्त्यांतील शालेय मुलांमध्ये तंबाखूप्रतिबंधाचे काम करते. नाट्य, क्रीडा, कला व कौशल्यशिक्षण यांच्या माध्यमातून मुलांना तंबाखूपासून दूर ठेवणे ही तिची पद्धत आहे.

संगत, गोवा

गोव्यातील 'संगत' या संस्थेने ब्रिटनमधील वेलकम ट्रस्टच्या संशोधन अनुदानातून घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी एक अल्पमुदतीची समुपदेशन पद्धती विकसित केली. हे समुपदेशन मानसोपचारतज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून दिले. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटातील ३६ टक्के पुरुषांचे मद्यपान घातक पातळीखाली आले. केवळ नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. तज्ज्ञांची टंचाई असलेल्या भागात मर्यादित निधीतून उपचार कसे पोहोचवता येतील, या दृष्टीने हे संशोधन महत्त्वाचे मानले जाते.

अनुदानाची कार्यपद्धती

शासकीय अनुदानासाठी संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र, घटना, मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कर्मचाऱ्यांचा तपशील व अंदाजपत्रक सादर करावे लागते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. त्यामुळे निवासी उपचार केंद्रांना या अधिनियमाखालील नोंदणी व किमान मानकेही लागू होतात.

अनुदान सहसा हप्त्यांनी मिळते. मिळालेली रक्कम ठरलेल्या कारणासाठीच खर्च झाल्याचे दाखवणारे उपयोगिता प्रमाणपत्र आणि तपासणी अहवाल सादर केल्यावर पुढील रक्कम मिळते. कागदपत्रांची छाननी जिल्हा, राज्य व केंद्र अशा टप्प्यांतून होत असल्यास दोन हप्त्यांमध्ये अंतर पडते. या काळात रुग्णांचे जेवण, औषधे व कर्मचाऱ्यांचे वेतन यांचा खर्च थांबवता येत नाही. म्हणून ज्या संस्थेकडे देणग्यांतून साठवलेला कायम निधी असतो तीच अशा अंतरात तग धरू शकते.

अनुदानाच्या रचनेत उपचारांचे सर्व टप्पे सारख्याच सहजतेने बसत नाहीत. खाटा, दाखल रुग्ण व औषधे यांची मोजदाद करता येते. याउलट रुग्ण घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा, गृहभेटी, कुटुंबाचे समुपदेशन व रोजगारासाठीची मदत ही कामे दीर्घकाळ चालणारी असून त्यांचे आकडे मांडणे कठीण असते. व्यसनाधीनता हा पुन्हा उलटणारा आजार असल्याने याच काळात रुग्णाला आधाराची सर्वाधिक गरज भासते. प्रतिबंधाच्या कामात ही अडचण अधिक तीव्र होते, कारण त्याचे यश म्हणजे न घडलेली गोष्ट असते.

बाह्य साहाय्य न स्वीकारण्याची भूमिका

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (ए.ए.) ही मद्यपाश सोडू इच्छिणाऱ्यांची स्वमदत चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. भारतातही, महाराष्ट्रासह, तिचे गट आहेत. या चळवळीच्या सातव्या परंपरेनुसार प्रत्येक गटाने पूर्णतः स्वावलंबी असावे व बाहेरील देणग्या नाकाराव्यात. सभेच्या जागेचा व चहाचा खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागवला जातो. प्रारंभीच्या काळात ए.ए.च्या संस्थापकांनी उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे मोठ्या निधीची अपेक्षा केली होती. रॉकफेलर यांनी १९३८ मध्ये ५,००० डॉलर दिले. मात्र अधिक पैशामुळे या कार्याचे मूळ स्वरूप बिघडेल, असे त्यांचे मत होते. पुढे चळवळीने हेच मत आपले तत्त्व म्हणून स्वीकारले. निवासी केंद्रे व स्वमदत गट यांची आर्थिक तत्त्वे अशी भिन्न असली, तरी व्यवहारात ती परस्परपूरक ठरतात. अनुदानावर चालणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेला रुग्ण पुढील पाठबळासाठी अनेकदा कोणत्याही अनुदानाविना चालणाऱ्या अशा गटांत जातो.

हितसंबंधांचा प्रश्न

तंबाखू वा मद्य उद्योगाकडून व्यसनप्रतिबंधासाठी निधी घ्यावा की नाही, हा या क्षेत्रातील वादाचा विषय आहे. भारताने २००४ मध्ये अनुसमर्थन दिलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण चौकट कराराच्या अनुच्छेद ५.३ नुसार सार्वजनिक आरोग्य धोरणांचे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून रक्षण करणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. २०१७ मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनल या सिगारेट कंपनीच्या निधीवर 'फाउंडेशन फॉर अ स्मोक-फ्री वर्ल्ड' ही संस्था स्थापन झाली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने तिच्याशी भागीदारी करणार नसल्याचे जाहीर केले आणि शासनांनीही तसे करू नये, असे आवाहन केले.

अशा निधीच्या विरोधकांच्या मते तो उद्योगाची प्रतिमा उजळवतो आणि किंमतवाढ, जाहिरातबंदी व विक्रीवरील निर्बंध यांसारख्या परिणामकारक उपायांकडून लक्ष वळवून 'जबाबदारीने सेवन' करण्याचा भार व्यक्तीवर टाकतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, ज्या उद्योगामुळे हानी होते त्याने तिच्या भरपाईचा खर्च उचलणे न्याय्य आहे. या दोन भूमिकांची सांगड घालण्याचा एक मार्ग म्हणजे उद्योगाकडून ऐच्छिक देणगीऐवजी कर वा उपकर वसूल करणे आणि त्याच्या वापराचा निर्णय उद्योगाच्या हाती न ठेवता शासनाने घेणे, असे सुचवले जाते.

उणिवा व टीका

व्यसनमुक्तीसाठीच्या अर्थसाहाय्याविषयी पुढील मुद्दे वारंवार उपस्थित होतात :

- स्त्रियांसाठी स्वतंत्र निवासी केंद्रे अत्यल्प आहेत. सामाजिक लांच्छनाच्या भीतीने स्त्रिया उपचारास उशिरा येतात. दाखल रुग्णांची संख्या कमी राहते आणि संख्येवर आधारित अनुदानात असे केंद्र मागे पडते.
- समुपदेशकांचे मानधन कमी असल्याने प्रशिक्षित कर्मचारी टिकत नाहीत.
- मोठ्या देणग्या प्रामुख्याने शहरी व परिचित संस्थांकडे जातात. ग्रामीण व आदिवासी भागातील लहान संस्थांना प्रस्ताव व अहवाल लिहिण्यासाठीही मनुष्यबळ नसते.
- अनुदानित केंद्रांची संख्या अपुरी असल्याने अनेक कुटुंबे नोंदणी नसलेल्या खासगी केंद्रांकडे वळतात. अशा काही केंद्रांत रुग्णांना डांबून ठेवल्याचे व मारहाण केल्याचे प्रकार देशाच्या विविध भागांत उघडकीस आले आहेत.
- इमारत, वाहन अशा दृश्य गोष्टींसाठी देणगी मिळणे तुलनेने सोपे असते. वेतन व पाठपुरावा यांसाठी ती मिळणे कठीण जाते.

हेही पहा

- मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र
- दारूबंदी
- अनिल अवचट
- अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस
- धर्मादाय आयुक्त
- मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७